पूर्ण एक मिनिट

वॉर्डातल्या एका आजोबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला तिसरा दिवस लागला होता आणि माझ्या शिकाऊ आरोग्य सहाय्यकाच्या कामाला चौथा महिना. आठवड्यातले चार दिवस वॉर्ड आणि एक दिवस वर्ग, असं आमचं शिक्षण चालतं. वर्गात शिकलेलं प्रत्येक काम वॉर्डात कुणाच्या तरी देखरेखीखाली करून दाखवायचं, मग नोंदवहीत सही मिळते. सही मिळेपर्यंत ते काम एकटीनं करायचं नाही. नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, श्वास मोजणं, या सगळ्यांवर माझ्या सह्या झालेल्या होत्या. म्हणून त्या सकाळी सहा खाटा माझ्याकडे दिल्या होत्या.

सुरुवात स्पंजिंगनं केली. आदल्या दिवशी आजोबांनी माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला होता. "तोंड माझं मी पुसतो," म्हणाले होते. त्या दिवशी मी ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला, तर ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, रात्री झोप झाली नसेल. मीच त्यांचं तोंड पुसलं. मग कुशीवर वळवून टाचा आणि माकडहाड तपासलं. लाली दिसली तर बोटानं दाबायचं आणि ती फिकी पडते का ते बघायचं. दाबूनही लाली तशीच राहिली, तर तिथे दाबव्रण सुरू झाला असं समजायचं. मी त्या टाचांकडे इतकी मन लावून बघत होते, की टॉवेलची गोष्ट डोक्यातून निघून गेली.

मग मोजमापं. बीपी १०८/६४, नाडी १०४, ऑक्सिजन ९५, ताप नाही, ३६.४. हे सगळं मशीन सांगतं. श्वास मात्र आमच्या वॉर्डातलं मशीन मोजत नाही, त्यासाठी घड्याळ घेऊन उभं राहावं लागतं. चार्टवर आदल्या दिवसापासूनचे आकडे होते: १८, १८, १६, १८. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून बेल वाजली. त्या पेशंटला बेडपॅन हवं होतं आणि त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. मी आजोबांच्या छातीकडे एक नजर टाकली, १८ लिहिलं, 'शुद्धीवर, सावध' या रकान्यात खूण केली आणि निघाले.

आमच्याकडे प्रत्येक मोजमापाला गुण देतात. ही पद्धत ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. मोजमाप नेहमीच्या मर्यादेत असेल तर शून्य, जितकं बाहेर तितके जास्त गुण, एकेकाला ३ पर्यंत. बेरीज ५ झाली की तातडीनं डॉक्टरांनी बघायचं, ७ किंवा जास्त झाली की आणीबाणी. आजोबांची बेरीज आली ३. एवढ्या गुणांना पुढची तपासणी चार ते सहा तासांनी झाली तरी चालते.

सुमारे वीस मिनिटांनी आजी आल्या. मी दुसऱ्या पेशंटची चादर बदलत होते. त्यांनी दारातूनच हाक मारली, "जरा बघतेस का गं? यांचं काहीतरी बिनसलंय. मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारतायत."

मी गेले. आजोबा माझ्याकडे बघून हसले. मी विचारलं, "आजोबा, आपण कुठे आहोत?" ते म्हणाले, "गाडी अजून आली नाही." तेव्हा सकाळचा टॉवेल माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यांना झोप आली नव्हती. त्या टॉवेलचं करायचं काय, हेच त्यांना उमगलं नव्हतं.

श्वास मोजायचं कसं, यावर आमच्या शिक्षिकेनं वर्गात एक अख्खा तास घेतला होता. दोघी-दोघींच्या जोड्या करून आधी सांगून मोजायला लावलं, मग न सांगता. सांगितल्यावर प्रत्येकीचा श्वास बदलला, कुणी लांबवला तर कुणी रोखून धरला. म्हणून पेशंटला सांगायचं नाही. मनगट नाडीसाठी धरतो तसंच धरून ठेवायचं, आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. चार्टवर सगळे सम आकडे दिसले, की समजायचं, कुणीतरी अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलंय, नाहीतर मोजलेलंच नाही. तब्येत बिघडू लागते तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यांत आधी श्वास वाढतो आणि तोच सगळ्यांत कमी काळजीनं मोजला जातो, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

मी आजोबांचं मनगट धरलं आणि घड्याळावर नजर ठेवली. श्वास उथळ होते, भराभर चाललेले. २३.

२३ श्वासांना २ गुण. नव्यानं आलेल्या गोंधळाला ३. आधीचे ३ होतेच. बेरीज ८.

मी सिस्टरांकडे धावले. निरोप कसा द्यायचा, हेही घोटून घेतलेलं असतं: पेशंट कोण, झालं काय, आधी कसे होते, आता काय दिसतंय, मला काय हवंय. मी त्याच क्रमानं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "सिस्टर, सकाळी १८ लिहिलेत ते मी मोजले नव्हते."

सिस्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "आत्ताचे मोजलेस?"

"पूर्ण मिनिट."

"चल मग."

पुढचं फार वेगानं घडलं. डॉक्टर आले. कल्चरसाठी रक्त काढलं, कारण अँटिबायोटिक आधी गेलं तर जंतू सापडणं अवघड होतं. मग अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झालं. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडू लागल्याचा संशय होता, संसर्ग बहुधा लघवीच्या मार्गातून. ताप का नाही, असं आजी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की म्हाताऱ्या माणसाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. कधी कधी पहिली खूण फक्त गोंधळ असते.

औषध देणं माझं काम नाही, तो अधिकार मला नाही. मला तासाची लघवी मोजायला सांगितली. वजनाच्या दर किलोमागे ताशी निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. आजोबांचं वजन ६० किलो, म्हणजे ३० मिली. पहिल्या तासाला कॅथेटरच्या पिशवीत १८ मिली होती. तोच आकडा बघून माझे हात थरथरले. या वेळी मी तो डोळ्यांच्या रेषेत धरून दोनदा वाचला, मगच लिहिला. दुपारी त्यांना आयसीयूत हलवलं. आजी त्यांचा चष्मा मुठीत धरून ट्रॉलीच्या मागे गेल्या.

वॉर्ड शांत झाल्यावर सिस्टरांनी मला चार्ट घेऊन बसवलं. सकाळच्या १८ वर एक सरळ रेघ, बाजूला वेळ, कारण आणि सही. गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही, चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. रेघ मारताना मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून मला कळलं. नाहीतर हे वीस मिनिटांत अचानक बिघडले, असं मी डॉक्टरांना सांगितलं असतं." मग सिस्टर आदल्या दिवसापासूनच्या १८, १८, १६, १८ कडे बराच वेळ बघत होत्या. तो चार्ट घेऊन त्या इन्चार्जकडे गेल्या. तिथे काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

त्या आठवड्याच्या वर्गात एका प्रसंगावर टिपण लिहायचं होतं. पहिल्या खर्ड्यात मी आजींपासून सुरुवात केली होती. तो फाडला आणि शेजारच्या बेलपासून लिहायला घेतलं. त्या बेडपॅनसाठी मी गेले, हे बरोबरच होतं. श्वासांचा रकाना रिकामा ठेवून जायला हवं होतं. रिकामा रकाना बघून कुणीतरी विचारलं असतं. १८ बघून कुणी विचारणार नव्हतं.

सातव्या दिवशी आजोबा वॉर्डात परत आले, गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. मी टॉवेल दिला तर म्हणाले, "तोंड पुसतो मी, दाढी तू कर." दाढी झाली. मग मी त्यांचं मनगट धरलं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "नाडीला एवढा वेळ लागतो होय?"

"लागतो, आजोबा," मी म्हटलं आणि चार्टवर १७ लिहिले.