आवाज कमी केला की जास्त ऐकू येतो

बेटावरच्या कॅफेत साउंड सांभाळतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर असूया उमटते. त्याला हॅमॉक दिसतो, मावळता सूर्य दिसतो, गिटार घेऊन बसलेलं कुणीतरी दिसतं. मला दिसतात गंजलेले जॅक. खाऱ्या हवेत प्लगवरचा मुलामा उडाला की खालचं पितळ हिरवं पडतं आणि ऐन गाण्यात स्पीकरमधून चरचर सुरू होते. नव्या कोऱ्या तारा बघता बघता काळ्या पडतात. दमट हवेने गिटारचं लाकूड फुगतं, तारा मानेपासून वर उचलल्या जातात आणि वाजवणारा म्हणतो, आज बोटं साथ देत नाहीत. बोटांचा काही दोष नसतो.

आमच्याकडे ठरलेला बँड नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ज्याला वाजवायचं त्याने फळ्यावर खडूने नाव लिहायचं, जेवण आणि झोपायची जागा कॅफेची. त्यामुळे एका रात्री दोन युकुलेली (छोट्या चार-तारी गिटारी) आणि एक कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), तर दुसऱ्या रात्री नुसती एक बासरी. कोण किती चांगलं वाजवतो यावर मी मत देत नाही. (मत असतं. भरपूर असतं.)

तर त्या दिवशी दुपारी, कॅफे पेंगलेला असताना, समोरच्या छोट्या बेटावरून एक काका होडी वल्हवत आले. मासेमार. होडी बांधली आणि ओल्या पायांनी थेट मालकांसमोर येऊन उभे राहिले.

"तुमचं गाणंबजावणं रात्री आमच्या घरात येतं."

मालकांनी हात जोडले, खुर्ची दिली, कॉफी मागवली. असल्या तक्रारींची त्यांना सवय आहे. पण काका पुढे जे बोलले ते ऐकून मी केबल गुंडाळायची थांबलो.

"नऊपर्यंत काही नाही. घरचे म्हणतात, आज बंद दिसतंय. आणि दहाला डोळा लागला की सुरू. धप्, धप्, धप्. आम्हाला पहाटे तीनला निघायचं असतं हो."

"दहाला?" मालक उसळलेच. "अहो, दहाला तर मी आवाज कमी करायला लावतो. रोज! याला विचारा."

खरं होतं. दहा वाजले की मुख्य फेडर, म्हणजे सगळा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, सहा डेसिबल खाली, हा मालकांचा नियम आणि मी तो पाळतो. सहा डेसिबल म्हणजे कानाला सहज जाणवेल इतका उतार. एरवी आवाजाच्या भांडणात एक जण खोटं बोलत असतो आणि तो बहुतेक वेळा स्पीकरवाला असतो. इथे दोघंही खरं बोलत होते.

काकांना आमचा अख्खा कार्यक्रम पाठ होता, हे आणखी वेगळंच. "ती मधेच शिट्टी वाजवणारी पोरगी गेली का?" त्यांनी विचारलं. गेली होती, शेवटच्या फेरीबोटीने. "बरी वाजवायची," काका म्हणाले, आणि आपण भांडायला आलोय हे आठवून पुन्हा गंभीर झाले.

मी त्यांना रात्रीपर्यंत थांबायची विनंती केली. जाताना मला सोबत न्या, तुमच्या ओसरीवर बसून ऐकतो. त्यांना ते पटलं. माझ्या धंद्यात आपल्याच स्पीकरपासून लांब जाऊन ऐकणं हे अर्धं काम असतं आणि ते टाळायची सगळ्यांनाच सवय असते.

संध्याकाळी गाणी सुरू झाल्यावर मालकांनी फोनवरचं आवाज मोजायचं मीटर माझ्या नाकासमोर धरलं. मंचापासून दहा मीटरवर अडुसष्ट डेसिबल. "एवढ्यात कुणाची झोप मोडते?" मी त्याच मीटरची सेटिंग 'ए'वरून खर्जही मोजणाऱ्या 'सी'वर नेली. आकडा शहाऐंशी. मालक फोनकडे असे बघत राहिले जणू त्याने फितुरी केली. 'ए' ही मोजणी हळू आवाजाला माणसाचा कान जसा ऐकतो त्या बेताने केलेली आहे, त्यामुळे खर्ज ती जवळजवळ सोडूनच देते. ऐंशी हर्ट्झला वीसहून जास्त डेसिबल वजा होतात. कहोनचा ठोका नेमका त्याच पट्ट्यात. म्हणजे जे काकांच्या घरी पोचत होतं, ते आमच्या मीटरला दिसतच नव्हतं.

पण दहाचं कोडं यातून सुटत नव्हतं. ते सुटायला लागलं डासांच्या अगरबत्तीमुळे. कठड्यावर एक जळत होती. सूर्य मावळताना तिचा धूर टेबलांवर, लोकांच्या तोंडावर येत होता. आठच्या सुमारास तो सरळ वर जाऊ लागला. आणि नऊनंतर आम्ही निघायच्या बेतात असताना पाहिलं, तर धुराची रेघ कठडा ओलांडून पाण्याकडे झुकलेली.

खारे वारे आणि मतलई वारे. शाळेच्या भूगोलात दोन गुणांसाठी पाठ केलेले. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन आधी निवते, म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे जातो.

निघण्याआधी कहोनवाल्याला सांगून ठेवलं होतं: बरोबर दहाला दोन गाण्यांच्या मधे एकेक सुटा ठोका द्यायचा, आणि ठोक्यासरशी कुणीतरी आमच्या दिशेने टॉर्च चमकवायचा. टॉर्चसाठी निम्मा कॅफे पुढे आला. प्रवाशांना असलं काम दिलं की फार आवडतं.

काकांची ओसरी पाण्याला लागूनच. पोचलो तेव्हा कॅफेचे दिवे स्पष्ट दिसत होते, पण आवाज असून नसल्यासारखा. काका जाळं बाजूला सारून बसले आणि मला खुणेनेच म्हणाले, थांब. पाण्यावरची बारीक खळबळ निवली. मानेवर येणारा वारा बंद झाला, मग समोरून, कॅफेच्या बाजूने, गार झुळूक आली आणि तिच्यासोबत कहोन. आधी नुसता खर्ज, मग गिटारचे मधले सूर. शब्द एकही कळत नव्हता, कारण स्वरांना धार देणारे वरचे सूर हवा वाटेत शोषून घेते. पण ठेका घड्याळासारखा स्वच्छ.

दहाला टॉर्च चमकला. मी फोनवरचं घड्याळ चालू केलं. ठोका यायला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास. काकांना ते दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे मी शिळा आवाज ऐकतो." आणि स्वतःच हसले.

त्यांना कारण सांगितलं ते असं. पाण्यालगत वारा घर्षणाने मंद असतो, वर जोरात. वाऱ्यासोबत जाणाऱ्या आवाजाचा वरचा भाग म्हणून पुढे पळतो, खालचा रेंगाळतो. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्याच बाजूला वळते, तसा आवाज खाली वळतो आणि काकांच्या ओसरीवर उतरतो. संध्याकाळी वारा उलटा असतो, तेव्हा तोच आवाज वर वळून त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. ओसरी जणू सावलीत. आम्ही दहाला सहा डेसिबल काढत होतो आणि वारा त्याहून जास्त परत घालत होता. त्यात फेरीबोटी थांबलेल्या, लाटा बसलेल्या, म्हणजे ठोका झाकायलाही काही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाबांध. मी इथे यायच्या आधीपासून मंच मागच्या भिंतीला टेकून होता आणि स्पीकरची तोंडं समुद्राकडे, म्हणजे थेट काकांच्या घराकडे. मंच उचलून कठड्याला नेला, वादकांची पाठ समुद्राला, स्पीकरचं तोंड भिंतीकडे. मोठे दोन स्पीकर उतरवले आणि टेबलांवर चार छोटे टांगले, म्हणजे कुठल्याच स्पीकरला आवाज लांबवर फेकायला नको. एवढ्याने खर्ज थांबत नाही, कारण त्याला तोंड-पाठ अशी फारशी नसते. तो चहूकडे पसरतो. म्हणून दोन सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर, एकामागे एक ठेवले, सुमारे एक मीटर सात सेंटिमीटर अंतराने. ऐंशी हर्ट्झच्या लहरीचा पाव भाग तेवढा होतो. समुद्राकडच्याला तीन मिलिसेकंद उशीर आणि त्याची पोलॅरिटी उलटी, म्हणजे त्याच्या लहरीचे चढ-उतार उलटे केलेले. पुढे दोघांचे सूर एकमेकांत मिसळतात, मागे एकमेकांना खोडतात. कठड्याबाहेर काठावर जाऊन उभा राहिलो, कहोनवाल्याला वाजवायला सांगितलं. ठोका पूर्ण गेला नव्हता, पण त्यातलं पोट गेलं होतं. शिवाय दहानंतर दोन्ही सब बंद, असं ठरलं.

मालक दिवसभर हिशोब करत होते. कठड्याजवळची दोन टेबलं मंचाखाली गेली आणि तीच सगळ्यात आधी भरायची. वादकही कुरकुरले, इतक्या लांब येऊन आम्ही स्वयंपाकघराची भिंत बघत वाजवायचं का? मात्र बसणाऱ्यांची चंगळ झाली. गाणारा, त्यामागे समुद्र, त्यामागे सूर्यास्त. फोटो निघायला लागले तशी मालकांची कुरकुर कमी झाली. दोन टेबलांचा विषय अजून महिन्यातून एकदा निघतोच.

काका काही दिवसांनी पुन्हा आले. या वेळी आम्ही दोघंही उभे राहिलो.

"गाणी गेली," ते म्हणाले. "शांत झोप लागते."

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पण आता," काका कॉफीचा कप पुढे ओढत म्हणाले, "तुमचा जनरेटर ऐकू येतो."

जनरेटर आधीही होताच, ठोक्यांखाली झाकलेला. त्याचं धुराड्याचं तोंडही समुद्राकडेच आहे. मी टेप घेऊन मागे गेलो आणि मालक म्हणाले, "या वेळी टेबलाला हात लावायचा नाही."