येळवशीच्या दुसऱ्या दिवशी

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी उत्पादन आणि हजेरी दोन्ही बघतो. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तक उघडायचं इथल्या मिलवाल्यांच्या जिवावर येतं. अमावस्येला अर्धं लातूर शिवारात जेवायला जातं, भज्जी-आंबील होते आणि माणसं गावाकडंच रेंगाळतात. सुट्टीचे पैसे कापलेच जाणार असतील, तर एक खाडा काय नि दोन काय!

आमच्याकडं यंदाही सगळे हजर. येळवस भरपगारी आणि दुसऱ्या दिवशी काम दहाला सुरू. यात माणुसकी किती नि हिशेब किती, ते शेठना मी कधी विचारलं नाही.

अकराच्या सुमारास एक व्यापारी डाळीचा नमुना घेऊन आला. त्याची तूर दुसऱ्या एका मिलमध्ये मजुरीनं भरडायला होती. त्या मिलनं येळवशीलाही काम चालू ठेवलेलं. साल काढायच्या रोलरवरचा जुना गडी सुट्टी नाकारली म्हणून निघून गेला, त्याच्या जागी मजूर अड्ड्यावरचं पोरगं उभं केलं. डाळीच्या कडा झिजलेल्या, तुकडा भरमसाट.

आमच्या रोलरवाल्या मामांनी नमुना तळहातावर पसरला. "जाळी लई आवळलीय. रोलर सालीबरोबर दाणाबी खालालाय."

एमरी रोलर आणि जाळी यांच्यातलं अंतर तुरीच्या दाण्याप्रमाणे, ओलाव्याप्रमाणे बदलावं लागतं. नवी तूर आली की सगळं पुन्हा बसवायचं. शिकाऊ माणसाच्या हातून शंभर क्विंटलमागे दोन क्विंटल डाळ जादा चुनीत, म्हणजे जनावरांच्या खाद्यात जाणाऱ्या तुकडा-भुश्श्यात, गेली असं धरा. दोन्हींच्या भावात किलोला ७० रुपयांचा फरक धरला, तरी १४,००० रुपये गेले, तेही एका दिवसात. मामांना बाजारापेक्षा महिन्याला ४,००० जास्त मिळतात. ते पुस्तकात पगाराच्या खात्यात दिसतात. चुनीत गेलेल्या डाळीला मात्र खातंच नसतं, म्हणून मालकांना पगार तेवढा टोचतो. जादा तासांना दुप्पट मजुरी तर १९४८च्या कारखाने कायद्यापासून आहे. किमान ८.३३ टक्के बोनसही कायद्याचाच, तरी दिवाळीला तो उपकार केल्यासारखा वाटणारे मालक मी पाहिलेत.

व्यापाऱ्यानं उरलेली तूर आमच्याकडं आणायची तयारी दाखवली, पण रविवारपर्यंत डाळ हवी होती.

"रात्री जादा वेळ थांबावं लागंल," शेठ म्हणाले. "त्याची दुप्पट मजुरी तुमच्या दरात धरणार."

"शेठ, तिकडं तर क्विंटलमागं कमी घेतात."

शेठनी नमुन्याची पिशवी त्याच्याकडं सरकवली. त्यानं मोबाईलवर आकडेमोड केली, मग पुन्हा केली. शेवटी क्विंटलमागं पाच रुपये तोडून घेतले आणि ट्रकवाल्याला फोन लावला. मी आत जाऊन रात्री कोण थांबतंय ते विचारलं. दोघं नाही म्हणाले, बाकीच्यांची नावं लिहून घेतली.