पिशवी काढायची, पण कशासाठी

मंगळवार, रात्री

गौरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी अंगावरून जायला लागलं. त्याआधी दोन महिने पाळी नव्हती. अठ्ठेचाळिसावं चालू आहे, म्हणजे सरलं आता, असं मनाशी म्हणत होते. आज सहावीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांकांची उदाहरणं लिहिताना ओटीपोटातून कळ निघाली ती थेट मांडीत उतरली. खडू हातात तसाच राहिला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने काही न बोलता माझी खुर्ची फळ्याजवळ आणून ठेवली. बारा वर्षांची पोर, पण तिला कळलं.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मागून साडी बघून दिली आणि मग तेच म्हणाल्या जे सगळ्या म्हणतात. “काढून टाका पिशवी. दोन लेकरं झाली, आता तिचं काय काम?” मायेनेच म्हणाल्या. त्यांची स्वतःची काढलेली आहे आणि त्या बऱ्या आहेत. तरी घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं. माझ्या शरीरातल्या एका अवयवाचं राहणं-जाणं त्याच्या कामावर ठरवायचं? आजार आहे म्हणून काढायची असेल तर मी तयार आहे. काम संपलं म्हणून काढायला मी तयार नाही.

गुरुवार

सोनोग्राफीचा कागद पुन्हा वाचला. डाव्या अंडाशयात एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयासारखं अस्तर भलतीकडे रुजण्याच्या आजाराची, ५ सेंटिमीटरची गाठ, तिलाच चॉकलेट सिस्ट म्हणतात, कारण आत साचलेलं जुनं रक्त त्या रंगाचं होतं. गर्भाशय मोठं झालेलं, भिंत जाड, म्हणजे ॲडिनोमायोसिस, अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरलेलं. उजवं अंडाशय गर्भाशयाच्या मागे चिकटलेलं. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे रक्त फार कमी.

गावाजवळच्या दवाखान्यात हा कागद बघून लगेच तारीख काढली. “पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकू. वय झालंच आहे, परत कटकट नको.” मी विचारलं, आतड्याला चिकटलंय का ते आधी कळेल का? उत्तर आलं, “उघडल्यावर बघू.” हे मला चाललं नाही. माझं पोट उघडायच्या आधी जे कळू शकतं ते आधीच कळलं पाहिजे.

लेकीला फोन केला. तिलाही पाळीत फार दुखतं आणि हॉस्टेलवर मेफ्टाल स्पास घेऊन ती दिवस ढकलते. एंडोमेट्रिओसिस आई-मुलीत, बहिणी-बहिणीत जास्त दिसतो, हे आता मला माहीत आहे. माझ्या आईचं दुखणं सगळ्यांनी “तिची पाळी जड आहे” एवढ्यावर सोडून दिलं आणि तिने ते जन्मभर अंगावर काढलं. लेकीला म्हटलं, सुट्टीत आलीस की आधी डॉक्टर, मग बाकीचं. ती “बरं” म्हणाली. मी मागे लागणार आहे.

शनिवार

मिरजेला जाऊन दुसऱ्या मॅडमना दाखवलं. हे सोबत होते. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का?” इतकी वर्षं दवाखाने केले, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दुखतं. सुरी फिरवल्यासारखं दुखतं, आणि ते सांगण्याची गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सांगता सांगता डोळे भरून आले. ह्यांनी खाली बघितलं. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग मॅडमनी एक कोरा कागद घेऊन चित्र काढलं. गर्भाशय, दोन अंडाशयं, मागे आतडं, बाजूने मूत्रवाहिन्या. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, नको त्या जागी रुजतं, म्हणून नुसती पिशवी काढली की आजार गेला, असं होत नाही. पिशवी काढल्याने रक्तस्राव नक्की थांबेल आणि ॲडिनोमायोसिसचं दुखणंही जाईल. पण गर्भाशयाच्या मागच्या बंधांवर, आतड्यावर जे बसलं आहे ते त्याच वेळी सोलून काढावं लागेल. ते राहिलं तर पिशवी जाऊनही दुखत राहू शकतं. म्हणून आधी एमआरआय. आतड्यात खोल गेलं असेल तर ऑपरेशनला आतड्याचे सर्जनही हजर हवेत.

अंडाशयांचा प्रश्न सगळ्यात अवघड. ठेवली तर आजार परत डोकं वर काढायची शक्यता जास्त. दोन्ही काढली तर पाळी जाण्याचा सगळा बदल एका रात्रीत अंगावर येतो. वाफा, झोपमोड, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयाची काळजी. चाळिशीच्या आत हे जितकं घातक, तितकं माझ्या वयात नाही, पण काहीच नाही असंही नाही. पुढे हार्मोनच्या गोळ्या लागल्या तर माझ्यासारखीला नुसतं इस्ट्रोजेन न देता सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषधही देणं बरं, कारण आत एखादा ठिपका राहिला असेल तर नुसत्या इस्ट्रोजेनने तो परत जागा होऊ शकतो.

मी विचारलं, मग थांबलं तर? पाळी जायलाच आली आहे. आपल्याकडे बहुतेकींची शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास जाते. मॅडम म्हणाल्या, थांबता येईल, आणि पाळी गेल्यावर बऱ्याच जणींचा त्रास निवतोही. पण जाण्याआधीची ही वर्षं शांत नसतात. अंडाशयं कधी काहीच करत नाहीत, कधी एकदम जास्त इस्ट्रोजेन सोडतात आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन कमी पडतं. दोन महिने पाळी नाही आणि मग असा लोंढा, तो यामुळेच. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच गेली म्हणायची. ते बारा महिने कधी पुरे होतील हे कुणीच सांगू शकत नाही.

तोवर डायनोजेस्ट, प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी, रोज २ मिलिग्रॅम. गणपतीत, वारीला जाताना पाळी पुढे ढकलायला आमच्याकडच्या बायका मेडिकलमधून ज्या गोळ्या आणतात, त्यातलं नॉरएथिस्टेरॉनही याच कुळातलं आणि तेही या आजारावर दिलं जातं. किती जणींनी सणापायी हे औषध डॉक्टरला न विचारता घेतलं असेल, आणि आजारासाठी मात्र कुणी दिलंच नसेल! रक्तासाठी लोहाचं सलाईन. ८.४ वर ऑपरेशनचा विषय नको, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

रविवार, पहाटे

झोप नाही. रात्री दोनला घाम फुटून उठले, उशी ओली. हे पाळी जाण्याचं लक्षण, आणि पोटात दुखतं ते पाळी न गेल्याचं.

गेल्या हंगामातली एक बाई सारखी आठवते. हिवाळ्यात आमच्या शिवारात बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला उतरतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. तिची मुलगी काही आठवडे माझ्या वर्गात बसली. आई पस्तिशीच्या आतली. मुलीच्या गैरहजेरीचं विचारताना तिच्या तब्येतीचं निघालं. “पिशवी काढलीय मॅडम, पाळीचं टेन्शन नाय आता. पर कंबर लई दुखती, अंगातून वाफा निघत्यात.” अंडाशयं ठेवली की काढली, विचारलं. तिला माहीत नव्हतं. कागद नव्हता.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय गाजला तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून जात असताना फडात मोळ्या वाहायच्या, धड संडास नाही, पाणी नाही, त्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालायचं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. त्या बाईचं ऑपरेशन तोवर होऊन गेलं होतं. मला मिरजेला जाता आलं, चित्र काढून समजावणारी डॉक्टर मिळाली, रजा मिळते. तिला यातलं काहीही मिळालं नाही, याचा मला संताप येतो.

पण तिच्यावर जे झालं त्याने घाबरून मी माझं ऑपरेशन टाळणं बरोबर नाही. माझा आजार खरा आहे. ही कळ खरी आहे.

रविवार, संध्याकाळी

ह्यांच्याशी बोलले. “तू ठरव, मी सुट्टी काढतो,” म्हणाले. ऑपरेशन झालं तर पुढचे सहा आठवडे जड उचलायचं नाही, कळशीसुद्धा नाही, हे त्यांनी मॅडमच्या तोंडून ऐकलंच आहे. वहिनींना मात्र वाटतं की पाळी जायला आली असताना पोट फाडून घेणं वेडेपणा आहे. त्यांचंही चुकत नाही. त्यांना माझ्यासारखं दुखत नाही, एवढंच.

आज माझं मन इथवर आलंय. गोळी सुरू करायची, रक्त वाढवायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं तर थांबायचं आणि गाठीवर सोनोग्राफीने नजर ठेवायची. या वयात अंडाशयातल्या गाठीकडे काणाडोळा करायचा नाही, अगदी थोड्या जणींमध्ये का होईना, पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो. दुखणं निम्म्यावर नाही आलं, तर दुर्बिणीतून ऑपरेशन. पिशवी काढायची, आजार सोलून काढायचा, डावं अंडाशय काढायचं. उजवं चांगलं निघालं तर ठेवायचं, हे माझं मत आजचं आहे. एमआरआय बघून मॅडम वेगळं म्हणाल्या तर ऐकेन, पण कारण समजून घेऊन. संमतीपत्रावर काय काय काढायचं ते एकेक लिहून घेणार आहे, आणि काढलेलं सगळं तपासणीला पाठवून त्याचा रिपोर्ट मला हवा, हेही.

एमआरआय शुक्रवारी सकाळी आहे. सहावीचे चाचणीचे पेपर त्याआधी तपासून द्यायचे, म्हणजे त्या दिवशी मुलांचं अडणार नाही.