मेपल की बर्च?

"बर्च कोरडं वाजतं रे, मेपलच घे." आज मडगावात साउंडचेकच्या वेळी एकाने दुसऱ्याला ड्रमच्या लाकडाबद्दल दिलेला सल्ला.

समोर दोन ड्रम किट. यामाहा रेकॉर्डिंग कस्टम, म्हणजे बर्च. आणि डीडब्ल्यू कंपनीचं मेपल. पण बर्चच्या टॉमवर (किटमधला मधल्या आकाराचा ड्रम) जुनं दुपदरी हेड (ड्रमवर ताणलेला पडदा), मधोमध खड्डे पडलेलं. मेपलवर नवं कोरं एकपदरी. मग तुलना लाकडाची झाली की हेडची?

लाकडाचा फरक असतो, नाही असं नाही. बर्चमध्ये मधले सूर मागे राहतात, थाप टोकदार येते. मेपल भरलेलं, गोल. पण तो ऐकायला दोन्हीकडे हेड सारखं हवं, माप सारखं आणि स्वरही सारखा.

१२ इंची टॉम घ्या. हेड ताणणारे सगळे रॉड (लांब स्क्रू) आधी बोटांनी बसवायचे, मग समोरासमोरच्या जोडीने किल्लीचा अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक लगपासून (रॉड जिथे बसतो ती जागा) इंचभर आत टिचकी मारून सूर जुळवायचा. एक लग जरी उतरलेला राहिला तरी आवाज थरथरतो, आणि खापर फुटतं लाकडावर. खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं, सा ते कोमल ग इतकं, ठेवून बघा.

आपल्या खाऱ्या हवेत अजून एक भानगड. घुमट या मातीच्या वाद्याचं कातडं पावसात उतरतं, तसं हे प्लास्टिकचं हेड उतरत नाही. पण रॉड गंजतात. किल्ली जड लागते, हेड ताणलं गेलंय असं वाटतं, प्रत्यक्षात सैलच. आटे पुसून थेंबभर तेल द्यावं.

एकाच हेडवर दोन्ही लाकडं कुणी शेजारी-शेजारी ऐकलीत का?