तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळा रंग बसत का नाही?

माझ्या कपाटात पिवळ्या चिलखताचे सैनिक सगळ्यात जास्त आहेत. खेळण्यासाठी हाताने रंगवायच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर, आहेत ते. बहुतेक ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर खेळायच्या युद्धखेळातल्या इम्पिरिअल फिस्ट्स नावाच्या पिवळ्या सैन्याचे, बोटाच्या दीड पेराएवढे. स्वतः ब्रश धरणारं कुणी ते हातात घेतलं की प्रश्न ठरलेला असतो: ‘तुमचा पिवळा इतका सपाट कसा बसतो? आमचा कितीही हात मारले तरी खालचं दिसतंच.’ तोंडी उत्तर देताना नेहमी काहीतरी राहून जातं. म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

मी पहिल्यांदा पिवळा लावला तो दहा जणांच्या तुकडीवर, काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तरावर). काळ्यावरून रंगवायची मला सवय होती. लाल, निळा, धातूचा रंग, सगळे त्यावर एक-दोन हातांत बसायचे आणि खाचांमधली सावली आयती मिळायची. पिवळ्याचा पहिला हात वाळला तेव्हा चिलखतावर शेवाळी पट्टे उमटले होते. दुसऱ्या हातानंतर तेच, जरा फिके. सहाव्या हाताला कुठे त्याला पिवळा म्हणता आलं, पण तोवर गुडघ्याच्या वाटीवरचे रिव्हेट बुजले होते आणि खांद्याच्या कडेला रंगाचा ओघळ जाड होऊन वाळला होता. दहाच्या दहा मिनिएचर रंग काढायच्या द्रावणात टाकली. दोष हाताचा नव्हता, पण हे मला फार उशिरा कळलं.

दोष प्रकाशाच्या हिशेबात आहे. रंग खालचं झाकतो तो दोन प्रकारे: एकतर प्रकाश शोषून, नाहीतर तो विखरून परत पाठवून. गडद निळा बराचसा प्रकाश गिळतो, त्यामुळे खाली काय आहे याने फारसा फरक पडत नाही. पांढरा विखरतो. त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, सुमारे २.७ आणि भोवतालच्या ॲक्रिलिकचा सुमारे १.५. या तफावतीमुळे प्रकाश आत शिरण्याआधीच माघारी फिरतो. आपल्या बाटल्यांत सहसा असतं ते सेंद्रिय पिवळं रंगद्रव्य, आणि त्याला या दोन्ही गोष्टी नीट जमत नाहीत. ते फक्त निळा भाग शोषतं. लाल आणि हिरवा प्रकाश त्यातून खाली जातो, आणि खाली काळा असेल तर तो तिथेच संपतो. परत येतं ते थोडंसंच, आणि मंदावलेला पिवळा आपल्या डोळ्याला शेवाळी दिसतो. म्हणूनच काळ्यात पिवळा मिसळला की ऑलिव्ह तयार होतो.

सगळीच पिवळी रंगद्रव्यं अशी नसतात. चित्रकारांच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. पीवाय म्हणजे ‘पिग्मेंट यलो’, पिवळं रंगद्रव्य. पीवाय ३ हा हान्सा पिवळा, लिंबासारखा स्वच्छ पण पारदर्शकतेकडे झुकणारा. पीवाय ३५ म्हणजे कॅडमियम, भरभक्कम झाकणारा. पण कॅडमियमची धूळ किंवा फवारा श्वासात जाणं घातक, तेव्हा तो एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनात, भरू नका आणि वाळल्यावर घासूही नका. पीवाय १८४, म्हणजे बिस्मथ व्हॅनाडेट, चांगला झाकतो आणि तजेलदारही असतो. पीवाय ४२ हा लोहाचा पिवळा ऑक्साइड, म्हणजे ओकर. दिसायला मळकट, पण झाकायला पक्का. माझं सगळं काम या शेवटच्यावर उभं आहे.

पिवळा चढवायचा तो शेवटी. खरी मेहनत त्याच्या खालच्या थरात असते. बरेच जण पांढऱ्या प्रायमरचा सल्ला देतात. पांढऱ्यावर पिवळा उजळतो हे खरं, पण थराच्या जाडीतला जरासा फरकही तिथे उघडा पडतो: एका जागी लिंबू, शेजारी दुधाळ. शिवाय तो थंड दिसतो. मी मोठ्या चिलखताला आधी फिका गुलाबी देते. हे ऐकून लोक थबकतात, पण त्यामागचं कारण साधं आहे. गुलाबी पृष्ठभाग लाल प्रकाश भरपूर परत पाठवतो, आणि वरचा पातळ पिवळा त्यातला निळा काढून घेतो. राहतो तो उबदार, सोनेरीकडे झुकलेला पिवळा. खाचेत गुलाबी जरा जास्त डोकावला तरी तिथे नारिंगी सावली पडल्यासारखी दिसते. चूकसुद्धा कामाला येते, असा हा एकच खालचा रंग मला माहीत आहे.

गुलाबीवर ओकरकडे झुकलेला पिवळा. सिटाडेल या मिनिएचर-रंगांच्या ब्रँडचा ‘एव्हरलँड सनसेट’ त्याच वळणाचा आहे, मोहरीसारखा, आणि झाकतोही बरा. त्याचे दोन हात, आणि त्यानंतरच स्वच्छ पिवळा. पिवळा झाकत नाही म्हणून त्यात पांढरा घालायचा मोह होतो, घालू नका. रंग खडूसारखा होतो आणि गेलेला तजेला परत येत नाही. फिका हवाच असेल तर हाडाच्या रंगाचा, मलईकडे जाणारा एखादा रंग थेंबभर मिसळा.

सावलीबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेकांचा पिवळा इथेच मरतो. लाल गडद केला तरी तो लालच राहतो. पिवळा गडद केला की त्याचं नावच बदलतं: एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला शेवाळी. वर जायलाही जागा थोडी, कारण शुद्ध पिवळा आधीच पांढऱ्याच्या उंबऱ्यावर असतो. त्यामुळे उजेड-अंधाराचा खेळ फक्त गडद-फिक्यावर होत नाही, रंगाची छटा सरकवावी लागते. उजेडात लिंबू, मग सोनेरी, मग नारिंगी, आणि अगदी खोल खाचेत लालसर तपकिरी. पहिला मुख्य थर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एक पायरी गडद ठेवा. तो एकटा बघताना मळका वाटतो आणि जीव खालीवर होतो, तरी ठेवा. वरच्या उजेडासाठी जागा तिथेच तयार होत असते.

आता खांद्याचं एक कवच घेऊन सांगते. वेट पॅलेटवर, म्हणजे रंग ओला राहावा म्हणून खाली ओला स्पंज असलेल्या पॅलेटवर, रंग दुधाइतका पातळ केलेला. ब्रश भरून कागदावर एकदा टेकवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं. मग कवचाच्या वरच्या कडेपासून खाली, सावलीच्या दिशेने, एकच ओढ. ब्रश जिथे उचलता तिथे रंग सगळ्यात जास्त साचतो. म्हणून तांबूस, गडद थर लावताना ओढ सावलीकडे संपवायची, आणि उजळ थर लावताना उजेडाकडे. ओल्या जागेवर परत जायचं नाही, मध्ये रंग न लागलेली फट दिसली तरी ती तशीच सोडायची. अर्धवट वाळलेल्या पिवळ्यावर ब्रश फिरला की खालची साय उचकटते आणि कडेला वळ्या होतात. मी पाच मिनिएचर रांगेत ठेवते. पाचव्याचा खांदा होईपर्यंत पहिल्याचा वाळलेला असतो.

वॉश, म्हणजे खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग, सगळीकडे फासू नका. तपकिरी वॉशचा डाग सपाट पिवळ्यावर जसा दिसतो तसा दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाही. आधी चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या आणि बारीक ब्रशने लालसर तपकिरी फक्त खाचेत सोडा. तो स्वतःच रेघेने धावतो. २०१९ मध्ये आलेल्या सिटाडेलच्या कॉन्ट्रास्ट रंगांबद्दलही, म्हणजे एकाच हातात रंग आणि सावली देणाऱ्या पातळ रंगांबद्दलही, विचारणा होते. कापडाच्या चुण्यांवर, पिसांवर ते छान बसतात. रुंद, गुळगुळीत चिलखतावर ते मध्येच साचतात, तिथे मी ते वापरत नाही.

आणि क्रम. पिवळा पूर्ण झाल्याशिवाय काळा उघडायचा नाही. बंदूक, सांध्यांमधलं रबर, पट्ट्या, सगळं नंतर.

तरी काळा लागतोच. काल रात्री एका सैनिकाच्या डाव्या गुडघ्यावर बंदुकीचा काळा ठिपका पडला, मोहरीएवढाही नसेल. ओला असता तर स्वच्छ ओल्या ब्रशने तिथल्या तिथे उचलला असता, पण तो दिसेपर्यंत वाळला होता. अशा वेळी त्यावर पिवळा लावला की शेवाळी टिकली उमटते, ती मी पूर्वी खूपदा बघितली आहे. मी गुलाबीची बाटली काढली, सगळ्यात बारीक ब्रशने ठिपक्यापुरताच गुलाबी टेकवला, वाळू दिला, मग मोहरी, मग पिवळ्याचे दोन हात. मिनिएचर दिव्याखाली फिरवून पाहिलं. ठिपका कुठे होता, ते मलाही शोधावं लागलं.