कासवाला सोंग येत नाही

१९८० चा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा सिनेमा मी कासवाच्या प्रसंगाशी बंद केला. ते कासव कॅमेऱ्यासमोर खरोखर मारलंय, फाडलंय. त्यातले माणसांचे खून इतके खरे वाटले की नट जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला इटलीत सिद्ध करावं लागलं होतं. नटाला मेल्याचं सोंग करता येतं, कासव खरंच मरतं. याला धाडसी कला म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

‘अपोकॅलिप्स नाऊ’मधला रेड्याचा बळीही खरा. तो विधी चित्रीकरणाच्या ठिकाणचे लोक तसाही करणारच होते, असं समर्थन करतात. आमच्या डिचोलीच्या घरी आजीच्या म्हशी होत्या. तिने हे ऐकून घेतलं नसतं!

उलट ‘जल्लिकट्टू’ हा मल्याळम सिनेमा पाहा. त्यात शेवटपर्यंत सुटलेला रेडा, मागे अख्खं गाव. पण कित्येक दृश्यांत तो यांत्रिक आहे. तरी छातीत धडकी भरतेच. २०१९ मध्ये पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आपल्याकडे गोव्यात १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, बंदी घातली. मैदानात जे चालत नाही, ते पडद्यासाठी तरी का चालावं?