शिशाचा गार गोळा

ऑगस्ट २०१६ मधल्या त्या पहाटे अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावरच्या लडिंग्टनच्या बंदरात धुके इतके दाट होते की धक्क्याच्या टोकाचा दिवा दिसण्याआधी त्याच्या भोंग्याचा आवाज कानी आला. आधीचे दोन दिवस उत्तरेकडून जोराचा वारा सुटला होता आणि एकही बोट बाहेर पडली नव्हती. तिसऱ्या दिवशी वारा पडला, तेव्हा पहाटे पाच वाजता आम्ही मिशिगन सरोवरात शिरलो. बोटीवर कप्तान, त्यांचा तरुण खलाशी, पैसे मोजून मासेमारीला आलेले चार पाहुणे आणि मी, असे सात जण होतो. धुक्याने वेग कमी करावा लागणार, एवढाच त्या धुक्याचा अर्थ मी लावला. उबदार, दमट हवा अचानक थंड पाण्यावर आली की असे धुके धरते, हे मला पुस्तकातून पुरते ठाऊक होते. तरी ते त्या पहाटे आठवले नाही.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी पुढच्या शिक्षणासाठी मिशिगनमधल्या एका विद्यापीठात आले होते. सरोवरातले सॅल्मन आणि ट्राउट काय खातात हे त्यांच्या पोटातून शोधणे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय होता. नमुने मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे भाड्याने चालणाऱ्या मासेमारी बोटींवर जागा मागणे. या कप्तानांनी ती आनंदाने दिली, आणि परतफेड म्हणून मी आदल्या रात्री उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा पाहून कुठे जावे याचा अंदाज त्यांना कळवू लागले. तीन आठवडे तो अंदाज बरोबर येत होता. माणसाला आपल्या हुशारीची खात्री पटायला तीन आठवडे खूप झाले.

आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात, पण रावसाचा आणि या माशाचा काडीचाही संबंध नाही. मिशिगन सरोवरातला चिनूक सॅल्मनही मूळचा तिथला नव्हे; तो पॅसिफिक किनाऱ्याचा. समुद्रातून आलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तशोषक माशाने आणि बेसुमार मासेमारीने सरोवरातला मूळचा लेक ट्राउट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपला. खाणारा उरला नाही, म्हणून आलवाइफ हा तारलीच्या गोतातला वीतभर मासा, जो स्वतःही बाहेरूनच आलेला, तो इतका माजला की १९६७ च्या उन्हाळ्यात त्याच्या मेलेल्या थरांनी किनारे भरून गेले. त्याला खाईल आणि लोकांना गळाचा खेळही देईल, असा मासा म्हणून मिशिगन राज्याचे मत्स्य अधिकारी हॉवर्ड टॅनर यांनी १९६६ मध्ये कोहो सॅल्मनची पिल्ले सोडवली. पाठोपाठ १९६७ मध्ये चिनूक आला. आज लडिंग्टनसारख्या गावांचा उन्हाळा त्या निर्णयावर उभा आहे.

हा मासा थंड पाण्याचा, साधारण १२ अंश सेल्सियस पाणी त्याला मानवते. उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी विशीच्या पुढे तापते आणि खाली एका पट्ट्यात तापमान झपाट्याने उतरते. त्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. पट्टा कधी ४० फुटांवर असतो, कधी ९० फुटांवर. बोट ताशी दोन-अडीच मैलांच्या गतीने चालवत, मागे आठ-दहा गळ वेगवेगळ्या खोलीवर ओढत न्यायचे, ही इथली ट्रोलिंगची पद्धत. खोली राखण्यासाठी बोटीच्या मागच्या कडेला डाउनरिगर नावाची छोटी चरखी असते. तिच्या पोलादी तारेला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा टांगतात आणि गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, दबलेली काठी ताडकन सरळ होते आणि मग माणूस आणि मासा यांच्यामध्ये शिसे उरत नाही. कोकणात मी जाळी पाहत वाढले. तिथे मासा कुठे आहे हे भरती-ओहोटीवरून आणि दिवसांच्या हिशेबावरून ठरते. इथे भरती नाही म्हणण्याइतकीच आहे. इथे पाण्याचे तापमानच पंचांग आहे.

बऱ्याच बोटींवर गोळ्यासोबत पाण्याचे तापमान आणि गती वर कळवणारे यंत्र जाते. आमचे यंत्र आदल्या आठवड्यात तळाशी अडकून तारेसकट गेले होते आणि नवे यायचे होते. त्यामुळे त्या दिवशी खोलीचा सारा भरवसा माझ्या अंदाजावर होता. किनाऱ्यापासून लांबपर्यंत पृष्ठभाग सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे २१ सेल्सियस आहे, तेव्हा थर्मोक्लाइन पंधरवड्यात होता तसाच ऐंशी फुटांच्या आगेमागे असेल, असे मी रात्री कळवले होते. बंदराच्या तोंडाशी बोटीच्या पडद्यावर पृष्ठभागाचे तापमान ५२ दिसले. कप्तानांनी माझ्याकडे पाहिले. सेन्सर बिघडला असावा, असे मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत.

बिग सेबल पॉइंटचे काळे-पांढरे दीपगृह धुक्यात कुठेतरी उजवीकडे राहिले. १८० फूट खोल पाण्यावर जाऊन खलाशाने गोळे ७० ते ९५ फुटांवर सोडले, बाजूच्या काठ्यांवर डिप्सी, म्हणजे गळ खोल आणि बाजूला ओढून नेणाऱ्या चकत्या, लावल्या, आणि आम्ही ओढत राहिलो. दोन तासांत दोन लेक ट्राउट लागले, दोन्ही सर्वांत खोल गळावर. एकाच्या कुशीवर लॅम्प्रेच्या तोंडाची गोल, भरत आलेली खूण होती. मी खुशीत त्यांची पोटे फाडून नमुने बाटल्यांत भरले. चिनूक मात्र एकही नाही. लेक ट्राउटला चिनूकपेक्षाही गार पाणी आवडते, आणि जिथे आपण १२ अंशांचे पाणी आहे असे धरून बसलो आहोत तिथे तोच लागतो आहे, ही खूण माझ्या हातात रक्तासकट होती. मी तिची लांबी मोजली, वजन केले आणि वहीत लिहिले.

पाहुणे कॉफी पिऊन कंटाळले. सव्वाआठच्या सुमारास खलाशी एक डिप्सी नव्याने सोडत असताना, दोरी जेमतेम वीस-पंचवीस फुटांवर गेली असेल तोच, काठी त्याच्या हातातून निसटता निसटता राहिली. दहा सेकंदांत मासा सुटला. पण कप्तानांनी सुकाणू खलाशाकडे दिले, मागे आले, डाउनरिगरचे बटण दाबून ८० फुटांवरचा गोळा वर आणला, तारेवरून उतरवला आणि मला म्हणाले, “हात पुढे कर.” गोळा माझ्या तळव्यावर टेकला आणि मी हात मागे घेतला, बर्फाच्या पेटीतून काढावा तसा तो गार होता. मग त्यांनी तोच गोळा १५ फुटांवर सोडला, दोन मिनिटे ठेवला आणि पुन्हा माझ्या हातावर टेकवला. तोही गार होता, पण धरवत होता. “हे मासे राहतात ते पाणी,” ते म्हणाले, आणि पुढे गेले.

माझ्या पिशवीत विद्यापीठाचा तापमान नोंदवणारा लॉगर होता. तो दिवसाच्या शेवटी एकदा सोडायचा, असा माझ्या प्रकल्पाचा नियम होता. मी तो मुकाट्याने तारेला बांधून तळापर्यंत सोडला आणि लॅपटॉपवर वाचला. पृष्ठभाग ५८ अंश फॅरनहाइट, पंधरा फुटांवर ५४, म्हणजे १२ सेल्सियस, तीस फुटांवर ४६, ऐंशी फुटांवर ४२. तीन तास आम्ही गळ ५ ते ६ अंश सेल्सियसच्या पाण्यातून फिरवत होतो.

झाले होते ते असे. मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेचा वारा सलग वाहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळचे थंड पाणी वर येते. पावसाळ्यात हेच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घडते, केरळकडे अधिक जोराने. रत्नागिरीत परीक्षेला मी यावर पानभर उत्तर लिहिलेले आहे. इथे दोन दिवस उत्तरेचा वारा होता हे मला माहीत होते, कारण त्याच वाऱ्याने मी खोलीत बसून होते. नकाशा मात्र ते दाखवू शकत नव्हता. उपग्रहाला ढगांखालचे पाणी दिसत नाही, म्हणून ढगाळ दिवशी त्या नकाशात आधीच्या निरभ्र दिवसांचे आकडे पुढे धरले जातात. दोन्ही वादळी दिवस ढगाळ होते. मी वाऱ्याआधीचे सरोवर पाहून वाऱ्यानंतरच्या सरोवरात बोट नेली होती. आणखी एक गोष्ट तिथेच आठवली आणि कान तापले: आदल्या संध्याकाळी वारा मंदावल्यावर स्टर्न्स पार्कच्या वाळूवर मुले पाण्यात पाय घालून किंचाळत पळत होती. मी त्याला खेळ समजले.

कप्तानांनी सगळ्या दोऱ्या गुंडाळायला लावल्या आणि बोट किनाऱ्याकडे वळवली. नऊच्या सुमारास धुक्यात ‘बॅजर’चा भोंगा ऐकू आला, कोळशावर चालणारी ती जुनी वाफेची फेरीबोट पलीकडच्या मॅनिटोवॉकला निघाली होती. तिची वाट पूर्ण मोकळी ठेवून आम्ही दीपगृहाच्या दक्षिणेला, ४५ फूट पाण्यावर, किनाऱ्याची लाट ऐकू येईल इतक्या जवळ आलो. गोळे १२ ते २५ फुटांवर गेले. उथळ पाण्यात बोटीच्या आवाजाने मासा बिचकतो, म्हणून गळ गोळ्यांपासून बरेच लांब मागे सोडले.

पुढचा दीड तास सलग सांगता येणार नाही, कारण मी तो बहुतेक गुडघ्यांवर बसून काढला. पहिला चिनूक फ्लॅशर नावाच्या चकाकत्या पट्टीमागच्या हिरव्या बनावट माशीवर लागला आणि रिळावरचा आकडा बघता बघता तिनशे फुटांच्या पुढे गेला. पाहुण्यांतल्या एका आजोबांना तो जाळ्यात येईपर्यंत वीस मिनिटे लागली. त्यानंतर कधी एक, कधी एकदम दोन काठ्या सरळ होत होत्या. दोरीत दोरी गुंतली, एक डिप्सी कायमची गेली, खलाशाने माझ्या नमुन्यांच्या पेटीवर पाय दिला. सात चिनूक आणि एक स्टीलहेड, म्हणजे ट्राउटचाच एक प्रकार, आले. एकाच्या पोटात अकरा आलवाइफ होते, त्यातले सर्वांत वरचे चार अजून चकाकत होते. थंड पाण्याच्या पट्ट्यात आलवाइफ किनाऱ्याशी दाटले होते आणि त्यांच्यामागे हे आले होते.

सातांपैकी दोघांच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला होता. सरोवरात सोडण्याआधी पिल्लांचा तो पर कापतात आणि नाकाच्या कूर्चेत मिलिमीटरभर लांबीची, सांकेतिक अंक कोरलेली तार टोचतात. पर शाबूत असलेला मासा बहुधा नदीत जन्मलेला असतो. मी दोन्ही डोकी पिशवीत घालून तपासणीला दिली. हिवाळ्यात निकाल आला: त्यातला साडेपाच किलोचा, अजून विणीला न आलेला मासा २०१४ च्या वसंतात ह्युरॉन सरोवरात सोडलेला होता. ह्युरॉनमधला आलवाइफ तेव्हा जवळजवळ संपलेला होता. हा मासा मॅकिनॉची सामुद्रधुनी ओलांडून खायला इकडे आला होता.

अकरा वाजता पुन्हा उत्तरेची झुळूक लागली आणि आणखी मासे लागत असतानाही कप्तानांनी दोऱ्या वर घ्यायला सांगितल्या. पाहुणे कुरकुरले. २३ सप्टेंबर १९६७ ला याच किनाऱ्याच्या उत्तरेकडच्या भागात कोहोच्या मोहाने बाहेर राहिलेल्या लहान होड्या वादळात सापडून सात माणसे गेली होती. त्या पिढीतल्या बोटवाल्यांकडून शिकलेला माणूस अशा वेळी वाद घालत नाही.

धक्क्यावर मासे साफ करताना मी पाहुण्यांसमोरच कप्तानांना सांगितले की सकाळचे तीन तास माझ्यामुळे गेले. त्यांनी सुरी पुसली आणि उद्या पाणी कुठे असेल, असे विचारले. मी रात्री नकाशा उघडला. किनारा अजून एकसारखा सत्तर अंशांचा होता. मी तसे कळवले, आणि त्याखाली लॉगरचे आकडे लिहिले.

किनाऱ्यालगतचा निळा, थंड पट्टा नकाशावर पाचव्या दिवशी उमटला. तोवर वारा दक्षिणेचा झाला होता, आणि स्टर्न्स पार्कला मुले गळ्यापर्यंत पाण्यात डुंबत होती.